रोज एक मिलिमीटर

जुईनगर,
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय मामा,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं बरं आहे. फोन केला असता, पण तुझे कान गेल्यापासून तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी इथून बोंबलायचं आणि तू तिथे स्पीकर लावायचा. मग अख्ख्या वाडीला कळणार. ही गोष्ट वाडीला कळायला नको, आणि आईला तर अजिबात नको. म्हणून उत्तर घरी पाठवू नकोस. खाली माझ्या ऐरोलीच्या ऑफिसचा पत्ता दिलाय, तिथे पाठव.

तर, मला उंची वाढवून घ्यायचीय. टाचांची चप्पल वगैरे नाही, ऑपरेशन. हाड मुद्दाम कापतात, मग दोन टोकं रोज केसभर लांब सरकवतात आणि मधल्या फटीत शरीर स्वतःच नवीन हाड भरत जातं. तुला हे मी काय सांगणार? तळोज्याच्या कंपनीत ड्रम पडून तुझा डावा पाय मोडला, आखूड जुळला, तेव्हा तुला हेच केलं होतं ना? मी तेव्हा पाळण्यात होते. तू वर्षभर पायात लोखंडी कडी घालून हिंडायचास, एवढंच आईकडून ऐकलंय. फरक इतकाच की माझे पाय मोडलेले नाहीत. धडधाकट आहेत. फक्त चार फूट आठ इंचावर थांबलेत.

मी एका क्लिनिकमध्ये जाऊन आले. भिंतीवरून पाणी पडत होतं, खाली सोफे, गारेगार एसी. तिथली मॅडम म्हणाली, हाडाच्या आत मोटारवाली सळई बसवतात, बाहेर काही दिसत नाही, रिमोटने वाढवायची. नऊ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन इंच! चार महिन्यांत हिंडाफिरा. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं.

पण तुला विचारल्याशिवाय मन धजत नाही. आपल्या घरात यातून गेलेला तू एकटा. किती दुखतं ते खरं खरं लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

तुझी भाची,
दीक्षा


वाकणवाडी,
२४ फेब्रुवारी २०२४

चि. दीक्षा,
अनेक आशीर्वाद. जयभीम.

कोण आहे तो मुलगा? त्याचं नाव, गाव आणि त्याच्या बापाचं नाव लिहून पाठव. मी कानाने बहिरा झालोय, हाताने नाही. तू ठेंगणी आहेस म्हणून नकार देणाऱ्याला मी आणि तुझी मामी जातीने येऊन भेटू. तुझ्यासारखी शिकलेली, कमावती पोर, आणि तो टेप घेऊन आला होता काय?

दुखण्याचं विचारलंस. ऐक मग. पायाभोवती चार कडी, आणि कड्यांपासून तारा थेट हाडातून आरपार. जिथून तार आत जाते तिथे रोज पुसायचं, नाहीतर पू होतो. मला दोनदा झाला. कुशीवर झोपता येत नाही. पँट चढत नाही, म्हणून मामीने माझ्या सगळ्या पँटी एका बाजूने उसवून नाड्या लावल्या. दिवसातून चार वेळा पाना घेऊन कड्यांवरचे नट फिरवायचे, पाव पाव मिलिमीटर. रोज एक मिलिमीटर. पहिले दहा दिवस वाटतं, हे काय, काहीच नाही. विसाव्या दिवसापासून पायातल्या शिरा तारेसारख्या ताणतात. वॉर्डात मी इतक्या शिव्या दिल्या की शेजारच्या खाटेवरचे म्हातारे बाबा आपल्या नातवाला माझ्याकडे येऊ देत नव्हते.

माझा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता म्हणून मी हे केलं. तुझे पाय आखूड नाहीत, तुझ्या मापाचे आहेत. या फंदात पडू नकोस.

मुलाचं नाव लवकर कळव.

तुझा मामा,
भगवान


ऐरोली, ऑफिसातून,
१० मार्च २०२४

प्रिय मामा,
जयभीम.

मुलगाबिलगा कोणी नाही रे! असता तर आधी त्याला सांगितलं असतं, मग तुला. तुझं पत्र मी कॅन्टीनमध्ये वाचलं आणि एकटीच इतकी हसले की लोक बघायला लागले.

लोक मला वाईट वागवतात असंही नाही. सगळे प्रेमाने वागवतात, त्रास त्याचाच आहे. मागच्या महिन्यात एक नवीन पोरगी रुजू झाली. मला म्हणाली, "बेटा, टीम लीडर कुठे बसतात?" टीम लीडर मीच होते. ती बिचारी नंतर आठवडाभर माझ्यासमोर आली नाही. लोक बोलता बोलता माझ्या डोक्यावर हात ठेवतात. एकोणतीस वर्षांच्या बाईच्या डोक्यावर कोणी हात ठेवतं का?

पण खरं सांगू? हेही कारण नाही. कारण एवढंच की मला हवंय. चौदाव्या वर्षी उंची थांबली तेव्हापासून हवंय. माझ्या मनातली मी थोडी उंच आहे आणि आरशातली नाही. याच्यापुढे मला समजावून सांगता येत नाही.

आता एक कबुली. पहिल्या पत्रात मी लपवलं होतं. त्या सोफेवाल्या क्लिनिकमध्ये मी फॉर्म भरून ऑपरेशनची तारीखसुद्धा घेऊन आले होते. तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग भीती वाटली, मग मी माझं डोकं वापरलं. तुला ठाऊक आहे, माझं काम मेडिक्लेमच्या फायली तपासायचं. (असलं ऑपरेशन कोणी क्लेममध्ये टाकलं तर "कॉस्मेटिक" असा शेरा मारून मीच नाकारते. माझा क्लेम आला तर तोही मीच नाकारीन!) या कामात एक कळलंय. ज्या डॉक्टरच्या कागदावर सगळं चांगलंच लिहिलेलं असतं, ती फाइल दोनदा वाचावी. वाशीच्या एक हाडांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्या फायली मी तीन वर्षं बघतेय. पू झाला तर पू झाला लिहितात, हाड वाकडं जुळलं तर तेही लिहितात. मी त्यांच्याकडे गेले.

त्यांनी आधी एक्स-रे काढला. मग म्हणाल्या, "मोटारवाली सळई तुला कोणी सांगितली? तुझ्या नडगीचं हाड आतून इतकं अरुंद आहे की ती बसणारच नाही. जबरदस्ती केली तर हाड तडकेल." मामा, त्या क्लिनिकने माझा एक्स-रे न काढताच तारीख दिली होती.

मग नीट समजावलं. मांडीचं हाड वाढवलं तर गुडघा हट्ट करतो, नडगीचं वाढवलं तर घोटा. माझ्यासाठी नडगी बरी, पण पाच सेंटिमीटरच्या वर नाही. आणि वाटा दोन. एक, तुझ्यासारखी नुसती बाहेरची कडी, हाड पक्कं होईपर्यंत सात-आठ महिने. दुसरी, आत एक बारीक साधी सळई आणि बाहेर कडी. लांबी मिळाली की सळईला स्क्रू मारून पक्कं करायचं आणि कडी दोन महिन्यांत काढायची. पण यात बाहेरचा पू आतल्या सळईपर्यंत पोचला तर मोठं संकट. शिवाय मला आधी दोनदा एका मानसतज्ज्ञाकडे पाठवणार आहेत. म्हणाल्या, "पाय मी बघते, बाकीचं त्या बघतील."

आता मला तुझ्याकडून एकच उत्तर हवंय. शिव्या, पू, नाड्या सगळं धरून, आज तुला परत विचारलं, तर तू पुन्हा तो पाय लांब करून घेशील?

दीक्षा


वाकणवाडी,
२९ मार्च २०२४

चि. दीक्षा,
जयभीम.

तुझ्या प्रश्नाने माझे पंधरा दिवस खाल्ले. मामी म्हणते, जेवताना कुठे बघत असता?

हो. पुन्हा करीन.

आता मीही एक कबुली देतो. ही मामीशिवाय कोणाला माहीत नाही, तुझ्या आईलासुद्धा नाही. माझा पाय सहा सेंटिमीटर आखूड होता. मी अजून किंचित लंगडतो, तेव्हा सगळे म्हणतात, डॉक्टरने काम अर्धवट ठेवलं. मीही तीस वर्षं हो हो म्हणत आलो. खरं असं की चार सेंटिमीटर झाल्यावर माझा पंजा खाली लोंबायला लागला. वर उचलायला जावं तर उचलेना. डॉक्टर म्हणाले, "जरा थांबू, मग पुढे जाऊ." मी म्हटलं, "पुढे जायचं नाही. इथेच बंद करा." ते चिडले. पुरुषासारखा पुरुष आणि दोन सेंटिमीटरसाठी घाबरतो, असं वॉर्डबॉयसुद्धा बोलला. लाज वाटली, म्हणून बाहेर येऊन डॉक्टरवर ढकललं. पण महिनाभरात पंजा वर यायला लागला. त्याच पायाने मी पुढे पंचवीस वर्षं कंपनीत उभा राहिलो आणि आता भाताची लावणी करतो. बुटात दोन सेंटिमीटरचा तळ घातला की झालं.

म्हणून कुठली पद्धत, कडी की सळई, हे मला विचारू नकोस. पू कशातही होतो, दुखतं सगळ्यातच. तू दोन्ही ठिकाणी जा आणि एकच गोष्ट विचार: थांबायचं कधी, हे कोण ठरवणार? उत्तर ऐक आणि मग ठरव.

आणि आईला सांग. मला हे ओझं जड जातं.

मामा


ऐरोली,
५ मे २०२४

प्रिय मामा,
जयभीम.

तुझा प्रश्न घेऊन दोन्हीकडे गेले.

सोफेवाली मॅडम हसली. म्हणाली, "थांबायचं? मॅडम, इथे सगळ्यांना जास्तच हवं असतं!" आणि तिने मला दहा सेंटिमीटरचं नवीन पॅकेज दाखवलं. मी तारीख रद्द करून खाली उतरले आणि रस्त्यावर उभी राहून दोन ग्लास उसाचा रस प्यायले. इतकं हलकं वाटलं!

वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तू आणि मी. दोघींपैकी एकीने जरी थांब म्हटलं, तरी थांबायचं. दुसरीने वाद घालायचा नाही." मी विचारलं, मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं तर? म्हणाल्या, "तर तू पाऊण सेंटिमीटर उंच होशील."

मानसतज्ज्ञ बाईंनी दोन बैठकांत माझं सगळं बालपण उपसून काढलं. शेवटी म्हणाल्या, "उंची वाढल्यावर काय बदलेल?" मी म्हटलं, "उंची." त्यांनी हसून कागदावर सही केली.

तर ठरलं. दोन्ही नडग्या, आत सळई, बाहेर कडी, पाच सेंटिमीटर. नुसती कडी घेतली तर आतल्या पुवाची भीती कमी, पण आठ महिने त्यात काढायची माझ्यात ताकद नाही, हे मी स्वतःशी कबूल केलं. त्यापेक्षा दोन महिने डोळ्यांत तेल घालून तारा पुसेन. बावीस जुलैला ऑपरेशन. ऑफिसने घरून काम करायला परवानगी दिलीय.

आईचं काय करायचं तेही ठरवलंय. तिला सांगणार की ऑफिसचं पुण्याला तीन महिन्यांचं ट्रेनिंग आहे. प्रत्यक्षात मी नेरूळला माझी मैत्रीण रुतिका हिच्याकडे राहीन. आईने तुला काही विचारलं तर तू फक्त "हो, पुण्याला" म्हण. एवढं कर ना, मामा.

दीक्षा


वाकणवाडी,
१८ मे २०२४

चि. दीक्षा,
जयभीम.

डॉक्टरीणबाईंचं उत्तर मला पसंत आहे. ऑपरेशन कर.

पण पुण्याची थाप मारू नकोस. दोन्ही नडग्या एकदम कापून घेणार आणि जिने तुला वाढवलं तिला कळू देणार नाहीस, हे शोभत नाही. तिने मला विचारलं तर मी ऐकू आलं नाही म्हणेन, ती सोय देवाने मला दिलीच आहे. पण "हो, पुण्याला" असं माझ्या तोंडून निघणार नाही. तिच्याशी मी आजवर खोटं बोललो नाही. म्हणजे, त्या डॉक्टरचं सोडून.

बावीस जुलैच्या आत सांग.

मामा


जुईनगर,
२७ मे २०२४

दादास,
जयभीम.

तुझं पत्र आलं. पाकिटावर दीक्षाचं नाव होतं, पण अक्षर तुझं आणि पत्ता आपल्या घरचा. दादाचं पत्र म्हणजे दोघींनाच, असं समजून मी फोडलं. मग पोरीकडून सगळं वदवून घेतलं, उंचीचं आणि पत्रांचंपण; ऑफिसचा पत्ता टाकायचं तू विसरलास वाटतं.

दोन्ही नडग्या! 

तुमी दोघांनी मिळून मला किती महिने वेड्यात काढलंत? पोर लहान हाय, तू साठीच्या पुढचा. तुला तरी कळायला नको?

पण दादा, राग मला त्याचा नाही. मी चार फूट साडेसात इंच हाय. तिची उंची माझ्याकडून गेली. तिचे बाबा चांगले उंच होते, पण ती माझ्यावर पडली. या उंचीवर मी महापालिकेच्या शाळेत एकोणतीस वर्षं स्टुलावर चढून घंटा वाजवली. नवरा गेल्यावर घर चालवलं, तिला शिकवलं. मला कधी वाटलं नाही की माझ्यात काही कमी हाय. आणि माझीच लेक माझ्यासारखी दिसायला नको म्हणून हाडं कापून घेणार. माझ्या उंचीत काय खोट हाय, ते तिला विचार. मी तिच्याशी बोलत नाही. तीन दिवस झाले. डबा करून देते, तोंडाने काही बोलत नाही.

त्या डॉक्टरचं सोडून म्हणजे काय, तेही कळव.

सुंदरा


जुईनगर,
२ जुलै २०२४

प्रिय मामा,
जयभीम.

तुझ्या पाकिटाने काय करून ठेवलंस! शिव्या द्यायला बसले होते, पण आता देत नाही.

आई आठवडाभर बोलली नाही. मग एका संध्याकाळी भांडी घासता घासता म्हणाली, "माझे पाय तुला एवढे वाईट वाटतात?" मी म्हटलं, "तुझे नाही गं. तुला तुझे पाय आवडतात ना?" म्हणाली, "मला त्यांचा विचारच येत नाही." मी म्हटलं, "मला तेच हवंय. मला रोज येतो. पंधरा वर्षं येतोय. न कापता आवडून घ्यायचा प्रयत्न केला, आई, खरंच केला."  तिने घासलेलंच ताट परत घासायला घेतलं. मग म्हणाली, "लहानपणी सांगायचंस." मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं." "आता काय बरं वाटतंय?" म्हणाली, आणि दोघींनाही हसू फुटलं. रडतही होतो म्हणा.

दुसऱ्या दिवशी शाळेतून सुट्टी काढून ती एकटीच वाशीला गेली. मला पत्ता नाही! डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. वहीत अठरा प्रश्न लिहून नेले होते. पहिला प्रश्न, "तुमची स्वतःची मुलगी असती तर करू दिलं असतं का?" बाई म्हणे म्हणाल्या, "आधी भांडले असते, तुमच्यासारखीच." अठरावा प्रश्न, "तो पाना कोण फिरवणार?" बाई म्हणाल्या, पेशंट स्वतः किंवा घरचं कोणी. आईने वही मिटली आणि म्हणाली, "मी फिरवणार. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही."

आता ती रोज मोबाइलवर घड्याळाचे चार गजर लावून बघते. पुण्याचं ट्रेनिंग रद्द.

आणि तुझं गुपित मी तिला सांगितलं. म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. दादाला खोटं बोलता येत नाही."

दीक्षा


वाकणवाडी,
१० जुलै २०२४

चि. दीक्षा आणि सुंदरे,
जयभीम.

पार्सल सोबत पाठवतोय. मामीने चार सलवारी शिवल्यात, दोन्ही बाजूंनी उघड्या, वरपासून खालपर्यंत नाड्या. रंगीत आहेत. माझ्या वेळी सगळ्या खाकी होत्या, त्यामुळे मी कैदी दिसायचो.

सुंदरे, पाना सावकाश फिरव. मामी सांगते, पोरीच्या तोंडाकडे बघू नकोस, नटाकडे बघ.

मला तेव्हाच कळलं होतं म्हणतेस! मग तीस वर्षं माझ्याबरोबर त्या डॉक्टरला का शिव्या दिल्यास?

भगवान


जुईनगर,
२४ सप्टेंबर २०२४

प्रिय मामा,
जयभीम.

दोन महिने पत्र नाही म्हणून रागावू नकोस. आईने निरोप पाठवलेच असतील. आता बसून लिहिता येतंय.

कडी निघाली!

तू लिहिलं होतंस तसंच झालं. पहिले दहा दिवस मी म्हणत होते, मामा उगाच घाबरवतो. विसाव्या दिवसापासून तुझी मनातल्या मनात माफी मागितली. एका तारेपाशी पू झाला, चार दिवस गोळ्या घेतल्या, बसला. आईने पाना असा फिरवला की डॉक्टरीणबाई तिला "सिस्टर" म्हणायला लागल्या. ती चारही वेळा वहीत टिकमार्क करायची आणि संध्याकाळी जाहीर करायची, "आज एक मिलिमीटर." वरच्या मजल्यावरच्या काकू रोज विचारायला यायच्या, "आज किती?" क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं.

व्यायामाला जयदेव म्हणून फिजिओ यायचा, सारसोळ्याचा कोळी. मी रडले तर हा कोळीगीत म्हणायचा आणि तालावर पाय ताणायचा. आईच्या मनात त्याच्याविषयी काहीतरी शिजत होतं. चौदाव्या दिवशी त्याने आपल्या जुळ्या पोरींचा फोटो दाखवला, तेव्हा तिने त्या दिवसाचा चहा जरा पाणचट केला.

आता महत्त्वाचं. बेचाळीस दिवस झाले, चार सेंटिमीटर आणि दोन मिलिमीटर. आणि माझी उजवी टाच जमिनीला टेकेना. जयदेवने जीव तोडून ताणली, अर्ध्या बोटाएवढी अधांतरी राहायचीच. अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या. तुझा पंजा आठवला.

गंमत म्हणजे थांबायला आई तयार नव्हती! म्हणाली, "अगं, आठच मिलिमीटर राहिलेत. आठ दिवस! मी इतकं केलं, पाच पुरे करू." वही दाखवायला लागली, पानावर पुढच्या आठ दिवसांचे रकाने आखून ठेवलेले. जी बाई मेमध्ये माझ्याशी बोलत नव्हती ती!

मला लोभ सुटला नाही असं नाही. आठ दिवस म्हणजे काय? दुपारभर त्या रकान्यांकडे बघत पडले होते. पण मग टाच खाली टेकवायला गेले आणि नाही टेकली, आणि मला इतकं स्वच्छ दिसलं, की आठ मिलिमीटर कोणाला कधी दिसणार नाहीत, पण ही टाच मला जन्मभर दिसेल. मी आईला म्हटलं, "पाना ठेव." फोन करून बाईंना म्हटलं, "थांबायचं." त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी मीच फोन करणार होते, तेच सांगायला."

आईने पाना पदराने पुसला आणि कपाटात ठेवला. पंधरा मिनिटं फुगून बसली. मग म्हणाली, "बरं झालं. मला त्या चार गजरांचीच स्वप्नं पडत होती."

सळईला स्क्रू मारून गेल्या आठवड्यात कडी काढली. मुंग्या कमी झाल्यात. टाच खाली यायला महिना-दीड महिना लागेल, म्हणतात. सध्या वॉकर. चार फूट साडेनऊ इंच आहे तुझी भाची!

दीक्षा


जुईनगर,
१६ एप्रिल २०२५

दादास आणि वहिनीस,
जयभीम.

दीक्षा लिहिणार होती, पण ती दमून झोपलीय, म्हणून मी लिहिते. दोन्ही टाचा जमिनीवर हायत. काठी सुटून अडीच महिने झाले. मागच्या आठवड्यात एक्स-रे काढला, नवीन हाड जुन्यासारखंच पांढरं दिसतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता चाला, पायऱ्या चढा, फक्त उड्या जपून.

परवा चौदा एप्रिलला आमी दोघी मिरवणुकीला गेलो. तिने नवी पांढरी साडी नेसली. जुन्या साड्या आता घोट्याच्या वर येतात असं तिचं म्हणणं. मला काही तसं दिसलं नाही, पण मी बोलले नाही. घरातून निघताना मला एकच काळजी. लोक काय म्हणतील, कोण काय विचारेल. मी मनात उत्तरं तयार करून ठेवली होती.

दादा, कोणाला कळलंच नाही! पहिली भेटली ती म्हणाली, दीक्षे, केस कापलेस वाटतं. दुसरी म्हणाली, बारीक झालीस, जेवत नाहीस का? विहाराच्या अध्यक्षांनी चष्मा बदलल्याबद्दल अभिनंदन केलं. तिला चष्माच नाही.

मला राहवेना. आमच्या चाळीतल्या जुन्या बायजाबाई भेटल्या, त्यांना मी म्हटलं, "अहो नीट बघा की, पोर उंच झालीय!" बायजाबाई दोन पावलं मागे सरकल्या. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "ती कसली उंच होतेय या वयात? सुंदरा, म्हातारपणी तूच खाली चाललीयस."

दीक्षा जी हसायला लागली, ती फुटपाथवर बसली. डोळ्यांतून पाणी. मला भीती वाटली, आतून रडते की काय. मी वाकून विचारलं, "वाईट वाटलं का गं?"

म्हणाली, "आई, मी काय बायजाबाईंसाठी केलं होतं? काल दिवसभरात मला माझ्या पायांचा एकदासुद्धा विचार आला नाही. आत्ता तू विचारलंस म्हणून आला."

मग ती उठली. हात दिला नाही मी, तिने मागितला नाही. लेझीमवाल्या बायका समोरून येत होत्या. डॉक्टरीणबाईंनी नाचायला परवानगी दिली नव्हती, पण बंदीही घातली नव्हती. ती रांगेत शिरली. कोणाच्या तरी हातातलं लेझीम घेतलं आणि उड्या न मारता, नुसत्या पावलांवर, नाक्यापासून विहारापर्यंत नाचत गेली. मी बाजूने पाण्याची बाटली घेऊन चालत होते. मग बाटली बायजाबाईंच्या हातात दिली आणि मीपण शिरले. तिच्या शेजारी. मागच्या रांगेतली बाई ओरडली, "बुटक्या बायांनो, जरा पुढे सरका, मागचं दिसत नाही!" आमी दोघी पुढे सरकलो, एकदम पहिल्या रांगेत.

पुढच्या महिन्यात बुद्धपौर्णिमेला येतोय. फाट्यापासून वाडीपर्यंतची चढण ती चालून येणार म्हणते. तू रिक्षा घेऊन खाली उभा राहू नकोस. वहिनीला सांग, जेवणात सुकट हवी, दीक्षाने सांगितलंय.

तुझी,
सुंदरा